जर्मनीची पहिली राष्ट्रीय फुटबॉल फायनल, आल्टोना १९०३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुंडेसलिगा आवडीने पाहणारे बरेच मराठी प्रेक्षक आता आहेत. बायर्न आणि डॉर्टमुंडच्या खेळाडूंची नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण जर्मन विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं आणि ते तिथे कसं आलं, हे फारसं कोणी सांगत नाही. या फायनलवर गप्पा निघाल्या की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरोखरच खूप आहे.

ही फायनल कधी, कुठे आणि कोणामध्ये झाली?

३१ मे १९०३, रविवार. व्हीएफबी लाइपझिग विरुद्ध डीएफसी प्राग. ठिकाण आल्टोना, म्हणजे हॅम्बुर्गला अगदी खेटून असलेलं शहर. निकाल लाइपझिग ७, प्राग २. त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा पेन्टेकॉस्टचा सण होता, त्यामुळे सुट्टी होती आणि लोक मोकळे होते.

"पहिली" म्हणजे काय? त्याआधी जर्मनीत फुटबॉल नव्हता का?

होता की. ब्राउनश्वाइग शहरातले शिक्षक कोनराड कोख यांनी १८७४ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला, तिथपासून हा खेळ मुळं धरू लागला. सुरुवातीचं त्याचं रूप रग्बीच्या जवळचं होतं. १८८० आणि १८९० च्या दशकांत बर्लिन, हॅम्बुर्ग, लाइपझिग, कार्ल्सरूहे अशा शहरांत क्लब निघाले. पण प्रत्येक शहराची संघटना वेगळी आणि रुसवेफुगवेही वेगळे. एका बर्लिनमध्येच एकमेकींशी न पटणाऱ्या संघटना होत्या. शिवाय जिम्नॅस्टिक्सवाल्या जुन्या मंडळींना हा खेळ म्हणजे इंग्रजांकडून आलेला रोग वाटायचा, आणि ते तसं उघडपणे म्हणायचे.

२८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिगमधल्या 'मारीनगार्टन' नावाच्या उपाहारगृहात ८६ क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि डीएफबी, म्हणजे जर्मन फुटबॉल महासंघ, ही देशव्यापी संघटना उभी राहिली. देशाचा एक विजेता ठरवायचा तर आधी देशभर चालेल अशी एक संघटना हवी. ती उभी राहून पहिली स्पर्धा भरायला आणखी तीन वर्षं गेली.

किती संघ होते?

सहा. आल्टोनाचा आल्टोनर एफसी ९३, व्हीएफबी लाइपझिग, ब्रिटानिया बर्लिन, व्हिक्टोरिया माग्डेबुर्ग, कार्ल्सरूहर एफव्ही आणि डीएफसी प्राग.

एवढ्या मोठ्या देशातून फक्त सहा. हा आकडा पाहून नाक मुरडणारे भेटतात, पण ते दिवस डोळ्यांसमोर आणा. खेळाडू सगळे हौशी. कोणी विद्यार्थी, कोणी कारकून, कोणी दुकानात नोकरीला. सामन्यासाठी परगावी जायचं म्हणजे रजा काढायची, तिकिटाचे पैसे गोळा करायचे आणि रात्रभर रेल्वेच्या बाकावर बसून दुसऱ्या दिवशी ९० मिनिटं धावायचं. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. अशा काळात सहा क्लब यायला तयार झाले, हे मला थोडं वाटत नाही.

फायनलपर्यंतचे सामने कसे झाले?

आल्टोनाने माग्डेबुर्गला ८-१ असं लोळवलं. लाइपझिगने ब्रिटानिया बर्लिनला ३-१ ने हरवलं. मग उपांत्य फेरीत लाइपझिगने आल्टोनाला ६-३ ने बाहेर काढलं. ही झाली एक बाजू.

दुसऱ्या बाजूला कार्ल्सरूहे आणि प्राग यांची गाठ पडायची होती. पण सामना कुठे खेळवायचा यावरूनच वाद झाला आणि पहिल्या फेरीत तो झालाच नाही. शेवटी असं ठरलं की दोघांनाही पुढे न्यायचं आणि उपांत्य सामना म्हणून लाइपझिग शहरात एकमेकांशी खेळवायचं. तोही झाला नाही. म्हणजे प्रागचा संघ स्पर्धेत एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोहोचला.

एकही सामना न खेळता? ते तारेचं प्रकरण नेमकं काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

उपांत्य सामन्यासाठी कार्ल्सरूहेचा संघ लाइपझिगला निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात एक तार आली. मजकूर थोडक्यात असा, की सामना पुढे ढकलला आहे. खाली नाव संघटनेचं. कार्ल्सरूहेच्या मंडळींनी तारेवर विश्वास ठेवला आणि ती घरीच थांबली. सामना पुढे ढकललेला नव्हताच. प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून प्रागला पुढे चाल मिळाली. तार बनावट होती. कार्ल्सरूहेने तक्रार केली, पण निर्णय काही फिरला नाही. ती तार कोणी पाठवली, हे आजपर्यंत उघड झालेलं नाही.

आजच्या वाचकाला वाटतं, इतकी मोठी गोष्ट आणि त्यांनी खात्री करून घेतली नाही? इथे तार म्हणजे काय होतं ते आठवायला हवं. आपल्याकडेही ज्यांच्या घरी तार आलेली आहे, त्यांना ठाऊक आहे. पोस्टमन कागद हातात देतो. त्यावरचं अक्षर पाठवणाऱ्याचं नसतं, आपल्याच गावच्या तार कचेरीतल्या कारकुनाचं असतं. सही नाही, शिक्का आहे तो कचेरीचा. पाठवणारा कोण हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे शेवटी लिहिलेलं नाव, आणि ते नाव परगावच्या तार कचेरीत कोणीही सांगू शकतो. पत्रात अक्षर ओळखता येतं, तारेत ओळखण्यासारखं काहीच उरत नाही. शिवाय तार आली म्हणजे तातडीचं आणि खरं, अशीच सगळ्यांची समजूत. कार्ल्सरूहेच्या मंडळींना भाबडं म्हणणं मला पटत नाही. ज्या साधनाने सगळा कारभार चालायचा, त्याच साधनाने त्यांना फसवलं.

मग तार प्रागवाल्यांनीच पाठवली असेल ना?

फायदा त्यांचा झाला म्हणून बोट त्यांच्याकडे जातं. पण फायदा झाला एवढ्याने दोष सिद्ध होत नाही. पुरावा नाही, तेव्हा कुणाच्याही नावावर हे प्रकरण घालू नये. प्रागच्या या संघाच्या वाट्याला पुढे जे आलं, ते वाचल्यावर तर असा शेरा मारताना जीभ अडखळते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

प्राग तर जर्मनीत नव्हतं. तिथला संघ जर्मन विजेतेपदासाठी कसा काय खेळला?

१९०३ मध्ये प्राग हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातलं शहर होतं. बहुसंख्य लोक झेक बोलणारे, पण जर्मन बोलणारा समाजही मोठा. त्याची स्वतःची शाळा, विद्यापीठ, नाट्यगृह, वर्तमानपत्रं होती. डीएफसी प्राग, म्हणजे प्रागचा जर्मन फुटबॉल क्लब, १८९६ मध्ये याच समाजातून निघाला. त्याचे बरेचसे सभासद आणि खेळाडू जर्मन बोलणारे ज्यू होते.

डीएफबीच्या स्थापनेला प्रागमधले जर्मन क्लबही हजर होते. संघटनेची तेव्हाची समजूत अशी की जर्मन बोलणाऱ्यांचे क्लब आपले, मग सरहद्दीची रेघ कुठूनही जावो. दोन देशांमधल्या स्पर्धांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटनाही तेव्हा नव्हती. फिफा स्थापन झाली २१ मे १९०४ रोजी, म्हणजे या फायनलनंतर वर्षभराने. एक देश, एक संघटना हे तत्त्व रुजल्यावर प्रागच्या क्लबला जर्मन स्पर्धेत जागा उरली नाही. त्यामुळे आजच्या जर्मनीच्या हद्दीबाहेरचा क्लब पहिल्याच फायनलमध्ये, हे दृश्य त्या एका वर्षाच्या फटीतून दिसतं.

डीएफबीचे अध्यक्ष प्रागचेच होते असं ऐकलं. मग पक्षपात झाला का?

अध्यक्ष प्रागचे होते, हे खरं. फर्डिनांड हुपे हे डीएफबीचे पहिले अध्यक्ष. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या हाताखाली शिकलेले, प्रागच्या जर्मन विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि डीएफसी प्रागशी त्यांचा जवळचा संबंध. खेळाने शरीर सुधारतं या विचारातून ते फुटबॉलकडे आले होते. वांशिक आरोग्य या विषयावरही त्यांनी लिहिलं, आणि ज्यांच्या क्लबचं ते प्रतिनिधित्व करत होते त्यातले बरेच जण ज्यू होते. त्या काळातल्या माणसांना एका रंगात रंगवता येत नाही ते असं.

कार्ल्सरूहेला संशय येणं स्वाभाविक होतं. अध्यक्ष समोरच्या क्लबचा आणि तक्रार फेटाळली गेली, तर कोणालाही खटकेल. मात्र हुपे यांनी स्वतः काही कट केला असं दाखवणारं काही पुढे आलेलं नाही. गंमत पुढची आहे. १९०४ मध्ये हुपे यांच्यानंतर अध्यक्ष झाले फ्रीडरिख-विल्हेल्म नोहे, आणि ते होते कार्ल्सरूहर एफव्हीचे.

फायनल आल्टोनालाच का?

तटस्थ मैदान हवं होतं आणि जबाबदारी अंगावर घेणारं कोणीतरी हवं होतं. आल्टोनर एफसी ९३ हा उत्तरेकडचा बळकट क्लब. त्याने सामना भरवण्याची तयारी दाखवली. आल्टोना तेव्हा हॅम्बुर्गचा भाग नव्हतं, प्रशियाचं स्वतंत्र शहर होतं. १८६४ पर्यंत तर ते डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं. हॅम्बुर्गमध्ये ते मिसळलं १९३० च्या दशकाच्या शेवटी. म्हणून "हॅम्बुर्गची फायनल" असं कुठे वाचलं तर ते आजच्या नकाशावरून लिहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

स्टेडियम कसं होतं?

स्टेडियम नव्हतंच. मैदानाचं नाव एक्सर्झीरवाइडे, म्हणजे कवायतीचं कुरण. सैनिकांची कवायत चालायची ती मोकळी जागा. पायऱ्या नाहीत, छप्पर नाही. मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि पाहायचं. आपल्याकडे गावाबाहेरच्या माळावर दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा भरतात आणि लोक चुन्याच्या रेघेला पाय लावून उभे असतात, चित्र साधारण तसंच.

सामना उशिरा का सुरू झाला?

चेंडूमुळे. देशाची पहिली फायनल, दोन संघ तयार, पंच तयार, लोक जमलेले, आणि खेळण्याजोगा चेंडू नाही. जो चेंडू होता त्याची अवस्था बरी नव्हती, म्हणून दुसरा आणावा लागला. सुमारे अर्धा तास त्यातच गेला.

त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेलं कवच, आत रबराची पिशवी, आणि तोंडाशी बुटाच्या नाडीसारखी चामड्याची वादी. हवा भरायची, तोंड बांधायचं, आत दाबायचं आणि वादी ओवून घट्ट आवळायची. पिशवी कुठून झिरपू लागली किंवा शिवण उसवली तर चेंडू पिळपिळीत होतो, उडवला तर मान टाकतो. पाऊस पडला तर चामडं पाणी पितं आणि जड होतं. वादीची गाठ कपाळावर बसली तर कातडी सोलवटून निघते, म्हणून हेडर मारताना गाठ कुठे आहे ते पाहावं लागायचं. अशा वस्तूचा दुसरा नग मैदानावर हाताशी नसणं ही आजच्या नजरेने मोठी चूक. पण चांगला चेंडू म्हणजे क्लबच्या तिजोरीला जाणवेल असा खर्च होता.

किती लोक आले आणि किती पैसे जमले?

आकडे १२०० च्या पुढे, कोणी २००० च्या जवळही सांगतात. तिकिटांचं उत्पन्न म्हणून ४७३ मार्कांचा आकडा दिला जातो.

पंच कोण होते?

फ्रान्झ बेर, आल्टोनर एफसी ९३ चे अध्यक्ष. म्हणजे ज्या क्लबला लाइपझिगने उपांत्य फेरीत घरी पाठवलं, त्याच क्लबचा प्रमुख माणूस फायनलला शिट्टी वाजवत होता. सामना भरवण्याची बरीच धावपळही त्यांनीच केली. आज असं झालं तर केवढा गदारोळ होईल. पण त्यांच्या पंचगिरीमुळे निकाल बदलला असं कोणी म्हणत नाही, आणि ७-२ मध्ये म्हणायला वावही नाही. मला तर या सगळ्या गोष्टीत बेर यांच्याबद्दल आदर वाटतो. स्वतःचा संघ हरल्यावर दुसऱ्यांच्या सामन्यासाठी राबणं सगळ्यांना जमत नाही.

प्रत्यक्ष सामना कसा झाला?

प्रागला लोक वरचढ मानत होते. पहिला गोलही प्रागनेच केला. लाइपझिगने मध्यंतराआधी बरोबरी साधली आणि १-१ वर विश्रांती झाली. इथपर्यंत सामना कुणीकडेही झुकला असता.

दुसऱ्या अर्धात चित्र पालटलं. लाइपझिगचे आघाडीचे खेळाडू हाइनरिख रीझो आणि ब्रुनो श्टानिशेव्स्की यांनी प्रागचा बचाव खिळखिळा केला. प्रागला आणखी एकच गोल करता आला, लाइपझिगने तब्बल सहा केले. श्टानिशेव्स्कीचं नाव जुन्या संघयादीत "स्टानी" असं आखूड करून दिलेलं सापडतं. त्या काळी अशी उर्फ नावं बऱ्याच जणांची असायची, कारण शाळेत किंवा नोकरीच्या ठिकाणी फुटबॉल खेळतो हे कळलं तर कान उघाडणी ठरलेली. लाइपझिगच्या गोलमध्ये उभे होते एर्न्स्ट रायट.

प्रागचे खेळाडू आदल्या रात्री रेपरबानवर मजा करत होते, म्हणून हरले. खरं का?

ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. रेपरबान हा शेजारच्या सांक्ट पाउली भागातला रस्ता, खलाशांच्या करमणुकीसाठी नावाजलेला, आणि आल्टोनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रागची मंडळी आदल्या रात्री तिथे उशिरापर्यंत रमली आणि दुसऱ्या दिवशी पायांत बळ राहिलं नाही, असं सांगतात.

घडलंही असेल. तरुण मुलं, परकं शहर, सणाची सुट्टी. पण ७-२ चं सगळं खापर त्या एका रात्रीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. पहिला गोल करून पुढे गेलेला संघ झोपेत चालत नव्हता. दुसरं कारण साधं आणि कंटाळवाणं आहे, म्हणून ते कोणी सांगत नाही. लाइपझिगचा संघ माग्डेबुर्गला ८ गोल मारणाऱ्या आल्टोनाला हरवून आला होता. त्याचे दोन कडक सामने पायांखालून गेले होते. प्राग मात्र या स्पर्धेत एकही सामना न खेळता थेट फायनलला उतरलं, तेही दूरच्या रेल्वेप्रवासानंतर. सरावाच्या सामन्यांची उणीव दुसऱ्या अर्धातच दिसते. बनावट तारेने कार्ल्सरूहेचं नुकसान केलं ते केलंच, पण प्रागचंही भलं केलं नाही असं मला वाटतं.

तेव्हाचे नियम आजच्यासारखेच होते का?

बराचसा खेळ ओळखीचा वाटला असता. अकरा-अकरा खेळाडू, ९० मिनिटं, पेनल्टी १८९१ पासून. फरक बारीक पण मोठे. गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घेता यायचा. ही मुभा १९१२ मध्ये काढली. ऑफसाइड न होण्यासाठी समोर प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू लागायचे. मांडणी साधारण दोन बचावपटू, तीन मधले, पाच आघाडीवर. इतके जण पुढे म्हटल्यावर ८-१, ६-३, ७-२ असे निकाल लागले यात नवल नाही. जखमी झालात तर लंगडत खेळा नाहीतर संघ दहा जणांवर येऊ द्या, कारण जागा भरायला कोणी नाही. पाठीवर क्रमांकही नव्हते.

७-२ हा जर्मन फायनलमधला सर्वांत मोठा विजय आहे का?

नाही. १९३९ मध्ये शाल्केने आडमिरा व्हिएन्नाला ९-० ने हरवलं.

आज जर्मन विजेत्यांना मिळते ती चांदीची थाळी लाइपझिगला मिळाली होती का?

थाळी खूप नंतरची. ती कोलोनच्या कारागीर एलिझाबेथ ट्रेस्को यांनी १९४९ मध्ये घडवली. आधीच्या काळातला मान म्हणजे 'व्हिक्टोरिया' नावाचा पुतळा, पंख असलेली विजयाची देवी. तो १९४४ पर्यंत दिला गेला आणि महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला. पूर्व बर्लिनमध्ये कुणीतरी तो जपून ठेवला होता. जर्मनी एक झाल्यानंतर तो डीएफबीकडे परत आला. थाळीवर मात्र जुन्या विजेत्यांचीही नावं कोरली आहेत, आणि त्यात पहिलं आहे १९०३, व्हीएफबी लाइपझिग. पुढच्या वेळी कोणी ती डोक्यावर उचलून नाचताना दिसलं तर हे आठवा.

तेव्हा लीग नव्हती का?

देशभराची नव्हती. प्रादेशिक स्पर्धा, त्यातले विजेते, मग बाद फेरी आणि फायनल, असा सगळा मामला. बुंडेसलिगा सुरू झाली १९६३ मध्ये, म्हणजे पहिल्या फायनलनंतर ६० वर्षांनी.

पुढच्या वर्षी काय झालं? कार्ल्सरूहेला न्याय मिळाला का?

१९०४ ला तर विजेताच नाही. त्या वर्षी कार्ल्सरूहेला ब्रिटानिया बर्लिनने ६-१ ने हरवलं, पण सामना बर्लिनमध्येच झाला होता. मैदान तटस्थ नव्हतं म्हणून कार्ल्सरूहेने तक्रार केली. नियम त्यांच्या बाजूने होता. कॅसल शहरात ब्रिटानिया आणि लाइपझिग यांची फायनल ठरलेली, दोन्ही संघ तिथे पोहोचलेले, आणि काही तास आधी सगळं रद्द. तटस्थ मैदानाचा नियम इतर सामन्यांतही नीट पाळला गेला नव्हता, म्हणून अख्खी स्पर्धाच मोडीत निघाली.

काही जण म्हणतात, कार्ल्सरूहेने वचपा काढला. मला तसं वाटत नाही. वर्षभरापूर्वी "कागदावर जे आहे ते आहे" असं सांगून ज्यांना परत पाठवलं, त्यांनी या वेळी तोच कागद पुढे केला.

१९०५ मध्ये कार्ल्सरूहे फायनलला पोहोचलं आणि युनियन ९२ बर्लिनकडून ०-२ ने हरलं. अखेर १९१० मध्ये कोलोनला त्यांनी होल्श्टाइन कीलला जादा वेळेत १-० ने हरवून विजेतेपद मिळवलं. या संघात युलिउस हिर्श नावाचा डावखुरा तरुण होता. दहाएक वर्षांचा असताना, म्हणजे तारेच्या त्या प्रकरणाच्या सुमारासच, तो या क्लबात आला होता. पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढला. हिर्श ज्यू होते. एप्रिल १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतले मोठे क्लब ज्यू सभासदांना काढणार असं वर्तमानपत्रात वाचून त्यांनी स्वतःच कार्ल्सरूहर एफव्हीला पत्र लिहून राजीनामा दिला. मार्च १९४३ मध्ये त्यांना आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेलं. ते परतले नाहीत. २००५ पासून डीएफबी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

व्हीएफबी लाइपझिगचं पुढे काय झालं? आजचा आरबी लाइपझिग तोच का?

अजिबात नाही, ही गल्लत फार होते. आरबी लाइपझिग २००९ मध्ये निघाला. १९०३ च्या संघाशी त्याचं नातं फक्त शहराचं.

व्हीएफबीने १९०६ मध्ये फोर्झहाइमला २-१ ने आणि १९१३ मध्ये डुइसबुर्गला ३-१ ने हरवून आणखी दोन विजेतेपदं मिळवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जुने क्लब बरखास्त झाले. पूर्व जर्मनीत त्याच परंपरेतून १९६६ मध्ये १. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग उभा राहिला. १९८७ मध्ये तो युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलला पोहोचला आणि अथेन्समध्ये आयाक्सकडून ०-१ ने हरला. १९९१ मध्ये क्लबने जुनं नाव परत घेतलं, १९९३-९४ चा एक हंगाम बुंडेसलिगात खेळला आणि पुढे दिवाळखोरीत बुडाला. चाहत्यांनी 'लोक' नावाने तो पुन्हा उभा केला आणि थेट तळाच्या लीगपासून सुरुवात केली. २००४ मध्ये त्या तळाच्या लीगमधल्या एका सामन्याला १२००० हून जास्त लोक आले. पहिल्या राष्ट्रीय फायनलला त्याच्या जेमतेम दशांश असतील.

आणि डीएफसी प्राग?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

फिफाच्या काळात प्रागच्या क्लबचा जर्मन स्पर्धेतला रस्ता बंद झाला, पण क्लब बंद झाला नाही. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. तिथेही डीएफसी हा जर्मन भाषकांमधला तगडा संघ राहिला. या क्लबातले पाउल माहरर १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून खेळले. म्हणजे एकाच क्लबची माणसं एका पिढीत जर्मन विजेतेपदासाठी झुंजली आणि दुसऱ्या पिढीत दुसऱ्याच देशाचा शर्ट घालून ऑलिंपिकला गेली, आणि त्यांचं शहर जागचं हललंही नव्हतं.

मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. जर्मन बोलणाऱ्यांचा हा क्लब जर्मनांच्याच राजवटीत संपवला गेला, कारण त्यातले लोक ज्यू होते. माहरर यांना थेरेझिएनश्टाटच्या छावणीत नेलं. तिथल्या बराकींच्या अंगणात कैद्यांचे फुटबॉल सामने व्हायचे. ऑलिंपिक खेळलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर त्यात खेळला. ते वाचले आणि अमेरिकेला गेले. क्लबातले अनेक जण वाचले नाहीत.

२०१६ मध्ये प्रागमध्ये काही लोकांनी डीएफसी प्राग या नावाने क्लब पुन्हा सुरू केला आहे. जर्मन विजेत्यांच्या थाळीवर या क्लबचं नाव नाही. तिथे हरलेल्यांची नावं कोरत नाहीत. पण त्या यादीतल्या पहिल्या ओळीसमोर एक निकाल येतो, ७-२, आणि त्यातले २ प्रागचे आहेत.